बिशपांचे सहायक : मदतनीस कोण आणि वारस कोण?

प्रश्न : ३० नोव्हेंबर २०२४ रोजी पुण्याचे बिशप जॉन रॉड्रिग्ज यांची मुंबईचे ‘कोअ‍ॅडज्युटर आर्चबिशप’ म्हणून नेमणूक जाहीर झाली. मी वाचलेल्या एका बातमीत त्यांना ‘सहायक आर्चबिशप’ म्हटले होते. मुंबईत सहायक बिशप तर आधीपासूनच होते. मग एका स्वतंत्र धर्मप्रांताच्या प्रमुखांना तेथून हलवून मुंबईत सहायक केले गेले, ही बढती समजायची की पदावनती?
— एक वाचक, वसई

उत्तर : आपल्या शंकेचे मूळ त्या बातमीतल्या ‘सहायक’ या शब्दात आहे. कॅथलिक चर्चमध्ये धर्मप्रांताच्या प्रमुख बिशपांच्या मदतीला जे बिशप दिले जातात ते दोन प्रकारचे असतात : ऑक्झिलरी बिशप आणि कोअ‍ॅडज्युटर बिशप. दोन्ही नावे लॅटिनमधून आलेली आहेत आणि त्यांची फोड केली तर दोहोंतून ‘मदत करणारा’ एवढाच अर्थ निघतो, त्यामुळे घाईत बातमी लिहिणाऱ्याने दोघांनाही सहायक म्हटले तर त्याला फार दोष देता येणार नाही. चर्चच्या कायद्याने मात्र या दोघांत मोठा फरक केलेला आहे. १९८३ च्या कॅनन कायद्याचे ४०३ वे कलम सांगते की, ऑक्झिलरी बिशपला उत्तराधिकाराचा हक्क नसतो, तर कोअ‍ॅडज्युटर बिशपला तो असतो. बाकीचे बहुतेक फरक या एका वाक्यातून निघतात.

ऑक्झिलरी बिशप हवे आहेत हे मुळात धर्मप्रांताचे प्रमुख बिशप मागतात. धर्मप्रांत मोठा आहे, धर्मग्रामे वाढली आहेत, दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर बिशप देतात त्या) संस्कारासाठी दरवर्षी प्रत्येक ठिकाणी जाणे एका माणसाच्या आवाक्यात राहिलेले नाही, असे काहीतरी कारण त्यामागे असते. ते किमान तीन धर्मगुरूंची नावे रोमला सुचवतात आणि निवड पोप करतात. कोअ‍ॅडज्युटरचे तसे नाही. प्रमुख बिशपांनी मागणी केलेली नसली तरी व्हॅटिकन आपल्या अधिकारात कोअ‍ॅडज्युटर नेमू शकते, त्याला विशेष अधिकार देऊ शकते, आणि प्रमुखांची जागा रिकामी होताच तोच तेथे बसणार हे नेमणुकीच्या पत्रातच ठरून जाते.

‘रिकामी होताच’ हे शब्द येथे अक्षरशः घ्यायचे आहेत. कलम ४०९ प्रमाणे बिशपांचे निधन झाले, त्यांची बदली झाली किंवा त्यांचा राजीनामा स्वीकारला गेला की कोअ‍ॅडज्युटर त्याच क्षणी धर्मप्रांताचा बिशप होतो. त्यासाठी नवी निवड लागत नाही आणि रोमच्या दुसऱ्या पत्राची वाटही पाहावी लागत नाही. अट एकच असते, आणि ती म्हणजे त्याने कोअ‍ॅडज्युटर म्हणून आपल्या पदाचा ताबा रीतसर घेतलेला असावा. हा ताबा घेण्याचा विधी अगदी कचेरीतल्या कामासारखा असतो. पोपचे नियुक्तिपत्र प्रमुख बिशपांना आणि धर्मप्रांताच्या सल्लागार धर्मगुरूंच्या मंडळाला दाखवायचे, त्या वेळी धर्मप्रांताचे चान्सलर, म्हणजे दफ्तर सांभाळणारे अधिकारी, हजर असतात आणि ते त्याची लेखी नोंद करतात. ऑक्झिलरी बिशपला आपले पत्र फक्त प्रमुख बिशपांना दाखवले तरी पुरते. सल्लागार मंडळापुढे पत्र ठेवण्याचे कारण उघड आहे. उद्या जागा रिकामी झाली तर एरवी याच मंडळाला तात्पुरता प्रशासक निवडावा लागला असता, आणि कोअ‍ॅडज्युटर आल्यामुळे ते काम त्याच्याकडून गेलेले असते.

आता मुंबईकडे पाहू. कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांचा जन्म २४ डिसेंबर १९४४ चा. बिशपांनी वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी राजीनामा सादर करावा अशी रीत आहे, पण पोप तो लगेच स्वीकारतीलच असे नाही, आणि मुंबईच्या बाबतीत तो काळ ऐंशीपर्यंत लांबला. ऐंशी पूर्ण होण्यास महिनाही राहिलेला नसताना कोअ‍ॅडज्युटरचे नाव जाहीर झाले. २५ जानेवारी २०२५ रोजी कार्डिनल ग्रेशियस यांचा राजीनामा स्वीकारला गेला आणि जॉन रॉड्रिग्ज मुंबईचे आर्चबिशप झाले. तेव्हा ही पदावनती नव्हती, हे वेगळे सांगायला नको. पुण्याहून मुंबईला आणण्यामागे हेतूच तो होता. गंमत अशी की, हेच रॉड्रिग्ज २०१३ पासून पुण्याला जाईपर्यंत मुंबईचेच ऑक्झिलरी बिशप होते. त्याच शहरात ते आधी एका अर्थाने सहायक होते आणि नंतर दुसऱ्या अर्थाने, आणि बातमीने दोन्ही वेळा एकच शब्द वापरला तर वाचक गोंधळणारच.

मुंबईच्या इतिहासात याहून बोलके उदाहरण सायमन पिमेंटा यांचे आहे. १९७१ साली ते ऑक्झिलरी बिशप झाले, १९७७ साली कोअ‍ॅडज्युटर आर्चबिशप झाले, आणि ११ सप्टेंबर १९७८ रोजी कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस यांचे निधन झाले त्याच दिवशी ते मुंबईचे आर्चबिशप झाले. समजा १९७७ ची ती नेमणूक झालीच नसती, तर त्या दिवशी काय झाले असते? ऑक्झिलरी बिशपपदावरून त्यांना आपोआप काहीच मिळाले नसते, असे म्हणणे मात्र थोडे चूक ठरेल. जागा रिकामी झाल्यावर प्रशासक निवडला जाईपर्यंत कारभार ऑक्झिलरी बिशपाकडे, आणि ते एकाहून अधिक असतील तर सर्वांत आधी नेमलेल्या बिशपाकडे जातो, अशी तरतूद आजच्या कायद्यात आहे. पण सल्लागार मंडळाने आठ दिवसांत प्रशासक निवडायचा असतो. म्हणजे ऑक्झिलरीचा हा आपोआप मिळणारा अधिकार फार तर आठवडाभराचा, तर कोअ‍ॅडज्युटरचा त्याच्या स्वतःच्या राजीनाम्यापर्यंतचा.

एवढ्यावरून ऑक्झिलरी बिशप म्हणजे दुय्यम माणूस असा समज मात्र करून घेऊ नये. व्हॅलेरियन ग्रेशियस यांचेच उदाहरण पाहा. १९२८ साली पोर्तुगाल आणि व्हॅटिकन यांच्यात झालेल्या करारानुसार मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असायचे. त्या पाळीने १९३७ साली थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट आले. आपल्या जागी भारतीय माणूस यावा असे त्यांच्या मनाने घेतले. १९४६ साली ग्रेशियस ऑक्झिलरी बिशप झाले, त्यानंतर रॉबर्ट्स मुंबई सोडून गेले आणि कारभार ग्रेशियस यांच्या हाती राहिला. करारातला आपला हक्क पोर्तुगालने १९५० साली सोडला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात रॉबर्ट्स यांचा राजीनामा मंजूर होऊन ग्रेशियस आर्चबिशप झाले, आणि १९५३ साली ते भारतातले पहिले कार्डिनल झाले. मधली चार वर्षे नावाने ऑक्झिलरी असलेला माणूस मुंबईचा महाधर्मप्रांत चालवत होता. त्यांना कोअ‍ॅडज्युटर का केले नाही, याचे उत्तर माझ्या मते त्या करारातच आहे : ज्या जागेच्या पाळीबद्दल दोन पक्षांनी सह्या केल्या आहेत, तिचा वारस आधीच जाहीर करणे रोमला परवडणारे नव्हते. ऑक्झिलरी नेमण्यात वारसाचा प्रश्नच येत नाही. या नेमणुकीमुळे रॉबर्ट्स यांना हवे ते साधले आणि करारालाही धक्का लागला नाही.

मराठीत काय लिहावे, हेही आपण विचारले असावे असे धरून चालतो. ऑक्झिलरी बिशपांसाठी ‘सहायक बिशप’ हा रूढ शब्द ठीकच आहे. कोअ‍ॅडज्युटरसाठी मूळ शब्दच देवनागरीत ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात ‘म्हणजे उत्तराधिकाराचा हक्क असलेले बिशप’ एवढे जोडावे. ‘भावी बिशप’ असे मी लिहिणार नाही, कारण कोअ‍ॅडज्युटर हे त्या क्षणीही पूर्ण बिशपच असतात.

प्रश्न : एका धर्मप्रांताला एकच बिशप, असे आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. मग दोन-दोन, चार-चार बिशप एका ठिकाणी कसे? आणि सहायक बिशपांच्या अभिषेकाच्या पत्रिकेवर त्यांच्या नावाखाली कोणत्यातरी अनोळखी गावाचे नाव का छापतात?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण शिकलात ते बरोबर आहे, आणि तुमच्या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे. एका शहरात दोन बिशप असू नयेत, हे ३२५ सालच्या निकेया येथील परिषदेने आठव्या कलमात नोंदवून ठेवले. प्रसंग होता मुख्य चर्चपासून फुटलेल्या नोव्हेशियन पंथातून परत येणाऱ्या बिशपांचा : त्यांना सामावून तर घ्यायचे, पण ज्या शहरात आधीच एक बिशप आहे तेथे दुसरी गादी मांडू द्यायची नाही.

हा नियम मोडला गेल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण संत ऑगस्टीन यांचे आहे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो या बंदराच्या गावी व्हॅलेरियस नावाचे वृद्ध बिशप होते. ते मूळचे ग्रीक भाषिक होते आणि लॅटिनमधून उपदेश करणे त्यांना जड जाई, म्हणून ती जबाबदारी त्यांनी तरुण धर्मगुरू ऑगस्टीन यांच्यावर सोपवली होती. हा माणूस दुसरे एखादे शहर आपला बिशप म्हणून पळवून नेईल, अशी त्यांना सतत धास्ती वाटे. शेवटी ३९५ च्या सुमारास त्यांनी ऑगस्टीन यांना आपल्या हयातीतच बिशपपदाचा अभिषेक करवून घेतला. आजच्या भाषेत ते कोअ‍ॅडज्युटर झाले. निकेयाच्या परिषदेने याला मनाई केली आहे हे तेव्हा आपल्याला किंवा व्हॅलेरियस यांना माहीत नव्हते, असे ऑगस्टीन यांनी पुढे स्वतःच सांगितले. म्हणून ४२६ साली स्वतःचा वारस ठरवण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी वेगळी वाट धरली. हिप्पोच्या चर्चमध्ये लोकांना बोलावून त्यांनी एराक्लियस या धर्मगुरूचे नाव जाहीर केले. लोकांनी किती वेळा घोषणा दिल्या हेसुद्धा लेखनिकांनी टिपून ठेवले. त्यानंतर ऑगस्टीन यांनी बजावले की एराक्लियस आत्ता धर्मगुरूच राहील, बिशप होईल तो देवाची इच्छा असेल तेव्हा. माझ्या बाबतीत ज्यावर टीका झाली ती याच्या बाबतीत होऊ नये, हा त्यांचा स्पष्ट हेतू होता. पद रिकामे होईपर्यंत दुसरा बिशप नाही, पण वारस मात्र ठरलेला, अशी ही तोड होती.

पुढच्या शतकांत या सोयीचा व्हायचा तो दुरुपयोगही झाला. युरोपात श्रीमंत धर्मप्रांत घराण्याकडेच राहावेत म्हणून काका आपल्या पुतण्याला कोअ‍ॅडज्युटर करून घेऊ लागले. पॅरिसची गादी गोंडी घराण्यात सोळाव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत फिरत राहिली. त्यांपैकी पॉल द गोंडी, जे पुढे कार्डिनल द रेत्झ म्हणून प्रसिद्ध झाले, ते १६४३ साली आपले काका आर्चबिशप जाँ-फ्रान्स्वा यांचे कोअ‍ॅडज्युटर झाले. राजसत्तेविरुद्धच्या फ्रोंद नावाच्या बंडाळीत ते गुंतले आणि १६५२ च्या डिसेंबरात पकडले गेले. मार्च १६५४ मध्ये काका वारले तेव्हा पुतण्या व्हँसेनच्या किल्ल्यात कैदेत होता. राजदरबाराला ही जागा त्याच्या हाती पडू द्यायची नव्हती. पण दरबाराची माणसे हालचाल करण्याआधीच त्याच्या वतीने मुखत्याराने कॅथेड्रलमध्ये जाऊन ताबा घेतला आणि कैदी असलेला माणूस पॅरिसचा आर्चबिशप झाला. त्याला राजीनामा देण्यास भाग पाडायला सरकारला १६६२ उजाडावे लागले. उत्तराधिकाराचा हक्क कायद्यात किती भक्कम असतो, हे यावरून दिसते. ट्रेंटच्या परिषदेने सोळाव्या शतकातच सांगून ठेवले होते की, निकडीची गरज असल्याखेरीज आणि चौकशी केल्याखेरीज असे कोअ‍ॅडज्युटर नेमू नयेत. आजच्या कायद्यात नेमणूक पूर्णपणे रोमच्या हाती ठेवली आहे, त्यामागे हा जुना अनुभव आहे.

आता अनोळखी गावाकडे येऊ. बिशप म्हटला की त्याचे एखादे शहर हवे, कारण शहराविना बिशप ही कल्पनाच चर्चला मान्य नाही; पण सहायकाला मुंबईचा बिशप म्हणता येत नाही, कारण मुंबईचे बिशप दुसरे आहेत. यावर उपाय म्हणून एकेकाळी नांदत असलेल्या, पण आता उजाड झालेल्या धर्मप्रांतांची नावे त्यांना दिली जातात. अशा बिशपांना टिट्युलर बिशप म्हणतात. आपण ‘नामधारी’ म्हणू. व्हॅलेरियन ग्रेशियस ऑक्झिलरी झाले तेव्हा त्यांना इजिप्तमधील थेनेसस या प्राचीन ठिकाणाचे नाव मिळाले होते, आणि जॉन रॉड्रिग्ज यांना २०१३ साली सध्याच्या बल्गेरियातील डेउल्टम या रोमन वसाहतीचे. या गावांना भेट देण्याचे बंधन नसते, तेथून उत्पन्न येण्याचा तर प्रश्नच नाही. कोअ‍ॅडज्युटरला मात्र आता असे नाव देत नाहीत. तो आपल्या भावी धर्मप्रांताच्याच नावाने ओळखला जातो. पत्रिकेवर नावाखाली जुने गाव असेल तर सहायक, आणि मुंबई किंवा पुणे असेल तर प्रमुख किंवा कोअ‍ॅडज्युटर, असे ओळखायला हरकत नाही.

प्रश्न : उत्तराधिकार नसतो म्हणता, पण गोव्यात तर सहायक बिशपच पुढे आर्चबिशप झालेले आम्ही पाहिले आहेत.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : झाले आहेत, पण हक्काने नव्हे, नव्या नेमणुकीने. राऊल गोन्साल्विस १९६७ साली ऑक्झिलरी बिशप झाले आणि १९७२ पासून प्रशासक म्हणून काम पाहून १९७८ साली आर्चबिशप झाले. फिलीप नेरी फेर्रांव यांची ऑक्झिलरी म्हणून नियुक्ती १९९३ च्या डिसेंबरातली, आर्चबिशपपद त्यानंतर दहा वर्षांनी आणि कार्डिनलपद २०२२ साली. दोन्ही वेळा रोम दुसऱ्या कोणालाही पाठवू शकले असते. खऱ्या अर्थाने कोअ‍ॅडज्युटर होते ते गोव्याचे शेवटचे पोर्तुगीज आर्चबिशप जुझे व्हिएरा आल्व्हेर्नाझ. कोचीनचे बिशप असताना त्यांना गोव्याचे कोअ‍ॅडज्युटर केले गेले आणि १९५३ साली आधीच्या आर्चबिशपांच्या राजीनाम्यानंतर ते गादीवर आले. गोवामुक्तीनंतर ते परत गेले, पण पदावरचे नाव १९७५ पर्यंत त्यांचेच राहिले. एवढी वर्षे गादी कागदोपत्री भरलेली असल्यामुळे गोव्याचा कारभार पाहणाऱ्यांना प्रशासक म्हणूनच राहावे लागले, हा त्या काळातला खरा पेच होता.

सहायकाची नेमणूक दुसऱ्या एका अर्थाने मात्र पुढची वाट दाखवते. बिशप थॉमस डाबरे १९९० पासून मुंबईचे ऑक्झिलरी होते. २२ मे १९९८ रोजी वसई हा वेगळा धर्मप्रांत झाला तेव्हा तेच त्याचे पहिले बिशप झाले. मोठ्या धर्मप्रांतातून एखादा भाग स्वतंत्र करायचा असतो तेव्हा तेथली माणसे, भाषा आणि शेतीवाडीचे प्रश्न ओळखणारा बिशप हाताशी असणे ही मोठीच सोय असते, आणि मराठी वसईच्या बाबतीत ती होती.

प्रश्न : आमचे घराणे नगर जिल्ह्यातले, पूर्वीचे अँग्लिकन आणि आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. आजोबांच्या कागदांत ‘नगरचे असिस्टंट बिशप’ असा उल्लेख आहे. इंग्लंडमध्ये ज्यांना सफ्रगन बिशप म्हणतात ते हेच का? आणि मुंबईच्या कॅथलिक महाधर्मप्रांताच्या माहितीत पुणे, नाशिक आणि वसई हे ‘सफ्रगन’ म्हणून दाखवलेले दिसतात, म्हणजे तेथील बिशप मुंबईचे सहायक आहेत का?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर बरेच जण फसतात : नाही. कॅथलिक व्यवस्थेत सफ्रगन म्हणजे एखाद्या आर्चबिशपांच्या प्रांतात मोडणारा, पण आपल्या धर्मप्रांतात पूर्ण स्वतंत्र असलेला बिशप. मुंबईचे आर्चबिशप पुण्याच्या बिशपांना बदली, बांधकाम किंवा शाळा यांबाबत आदेश देऊ शकत नाहीत. श्रद्धा आणि शिस्त यांकडे लक्ष ठेवणे, काही गैर दिसल्यास पोपना कळवणे आणि रिकाम्या जागी सल्लागारांनी आठ दिवसांत प्रशासक निवडला नाही तर तो नेमणे, एवढेच प्रामुख्याने त्यांच्या हाती असते.

अँग्लिकन परंपरेत हाच शब्द नेमका उलट दिशेने गेला. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या १५३४ च्या कायद्याने सव्वीस गावांची यादी करून ठेवली आणि ठरवले की, धर्मप्रांताचे बिशप मदतनीस म्हणून दोन नावे सुचवतील, राजा त्यांतले एक निवडेल आणि त्या मदतनीस बिशपाला या यादीतल्या एखाद्या गावाचे नाव दिले जाईल. रोमने त्यासाठी इजिप्त-आशियातली उजाड गावे वापरली, तर हेन्रीने आपल्याच देशातली नांदती गावे. सतराव्या शतकाच्या आरंभी ही प्रथा बंद पडली आणि १८७० साली डोव्हर आणि नॉटिंगहॅमच्या नेमणुकांनी पुन्हा सुरू झाली. आज कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या स्वतःच्या धर्मप्रांताचे रोजचे काम डोव्हरचे सफ्रगनच पाहतात. अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चमध्ये मात्र सफ्रगन आणि कोअ‍ॅडज्युटर असे दोन्ही प्रकार आहेत, आणि भेद आपण कॅथलिकांत पाहिला तोच : कोअ‍ॅडज्युटर वारस, सफ्रगन नव्हे. अँग्लिकन जगातल्या पहिल्या महिला बिशप बार्बरा हॅरिस १९८९ साली मॅसॅच्युसेट्सच्या सफ्रगन झाल्या, आणि इंग्लंडमधल्या पहिल्या महिला बिशप लिबी लेन याही २०१५ साली स्टॉकपोर्टच्या सफ्रगनच झाल्या. सहायकाच्या जागेवरून नवी वाट उघडण्याची ही दोन ठळक उदाहरणे आहेत.

आजोबांच्या कागदांतला उल्लेख बहुधा फिलिप लॉइड यांचा असावा. १९२५ साली ते मुंबईच्या अँग्लिकन बिशपांचे असिस्टंट म्हणून अभिषिक्त झाले आणि त्यांचे ठाणे अहमदनगरला होते. इंग्लंडच्या कायद्यातल्या यादीत अर्थातच अहमदनगर नव्हते, त्यामुळे त्यांना सफ्रगन न म्हणता असिस्टंटच म्हटले गेले. १९२९ साली नाशिकचा धर्मप्रांत वेगळा झाला तेव्हा ते त्याचे पहिले बिशप झाले आणि १९४४ साली इंग्लंडमधील सेंट ऑल्बन्सला गेले. वसईच्या बाबतीत पुढे सत्तर वर्षांनी जे घडले त्याचाच हा आधीचा नमुना म्हणायला हरकत नाही.

कागदांत कुठे ‘आर्चडीकन’ दिसले तर ते बिशप नव्हेत, हे लक्षात ठेवावे. तो बिशपाचा दुसऱ्या जातीचा सहायक : धर्मगुरूच, पण चर्चच्या इमारती, हिशेब आणि धर्मगुरूंची शिस्त पाहणारा. ‘बिशपाचा डोळा’ असे त्याचे जुने वर्णन आहे. १८१३ च्या सनदी कायद्याने सबंध हिंदुस्थानासाठी कलकत्त्याला एक बिशप आणि मुंबई धरून तीन ठिकाणी आर्चडीकन दिले. मुंबईला स्वतःचा अँग्लिकन बिशप १८३७ साली मिळाला, तोवर वीस वर्षांहून अधिक काळ तिने डोळ्यावरच भागवले.

प्रश्न : सामान्य भाविकाने हा फरक ओळखावा कसा? संबोधनात काही भेद करावा लागतो का?
— एक वाचक, उत्तन

उत्तर : संबोधनात काहीही भेद नाही. दोघांचा अभिषेक एकच, त्यामुळे दोघेही ‘बिशप’च. दृढीकरण दोघेही देतात आणि धर्मगुरूंना दीक्षाही दोघेही देऊ शकतात. ती कोणाला आणि केव्हा द्यायची हे मात्र प्रमुख बिशप ठरवतात. व्हिकर जनरल या पदाशीही गल्लत करू नये. ते कारभाराचे पद आहे आणि साधे धर्मगुरूही त्यावर असू शकतात. कोअ‍ॅडज्युटरला ते द्यावेच लागते. ऑक्झिलरीला ते, किंवा निदान एखाद्या विभागाचे तसे पद द्यावे लागते.

फरक ऐकायचा असेल तर मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, कान द्यावा. पवित्र अर्पणाच्या मुख्य प्रार्थनेत पोपमहोदयांच्या पाठोपाठ धर्मप्रांताच्या बिशपांचे नाव घ्यावेच लागते. कोअ‍ॅडज्युटर आणि ऑक्झिलरी यांची नावे त्यानंतर घेण्याची मुभा आहे, सक्ती नाही, आणि ते बरेच असतील तर एकत्रित उल्लेख करतात. पाहायचा असेल तर कॅथेड्रलमध्ये पाहावा. कुलाब्याचे होली नेम असो की पापडीचे कृपामातेचे कॅथेड्रल, वेदीजवळचे बिशपांचे जे कायमचे आसन असते त्यावर धर्मप्रांताचे प्रमुख, किंवा त्यांनी परवानगी दिलेले बिशपच बसतात. अशी परवानगी नसेल तर सहायक मिस्सा अर्पण करत असले तरी त्यांच्यासाठी दुसरी खुर्ची मांडली जाते, आणि प्रमुखांची जागा रिकामी होईपर्यंत कोअ‍ॅडज्युटरनाही हाच नियम लागू असतो.